घराले जिना नाई

भागीरथा,

तू विहारातून येईपर्यंत थांबलो नाई, तू जाऊच देलं नसतं. श्रीलंकेच्या प्रवासाच्या स्वस्त विम्याचा फॉर्म भरून राह्यलो. त्यात इचारलं, हार्ट अटॅक आलता का? तू लपवाले सांगतलं, पण मी 'हो' लिहिलं. खोट्या फॉर्मावरचा विमा तिकडं काय कामाचा? मंग इचारलं, दोन जिने चढल्यावर दम लागते का? तिथं अडलो. आपल्या घराले जिनाच नाई! म्हणून सिंदी मेघेले पोरीच्या बिल्डिंगमध्ये चढून पाहाले चाललो. जिभेखालची गोळी खिशात हाय, आपली पोरगी पौर्णिमा संगं चढते.

तुह्या फॉर्मातही तोच प्रश्न हाय. लग्नाच्या चाळीस वर्षांत मी तुले हे कधी इचारलंच नाई. तो रकाना कोराच ठेवला. तूही येजो.

रामाजी