भिगवणचे मासे आणि तुझी पाठ

आई, काल शेजारच्या काकूंना मी तुझं गुपित सांगून टाकलं. तुला जाऊन बारा वर्षं झाली, तू आता रागावणार तरी कशी? पण मी रागावलोय, आणि तो राग काढायला मला तुझ्याशिवाय दुसरं माणूस नाही.

तू पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आलेले, म्हणून पाठीत उसण भरली की सगळं सणसर गाव तुझ्याकडे यायचं, कळंबहूनही कुणी कुणी मोटारसायकलवर वाकडं बसून यायचं. माणसानं उंबऱ्यावर पालथं झोपायचं, तू डाव्या पायानं कमरेवर तीनदा हलकी लाथ मारायचीस, आणि तो वयानं मोठा असला की पाय लावला म्हणून लगेच त्याच्या पाया पडायचीस. तव्यावरची भाकरी करपली तरी चालेल, आलेल्याला ताटकळत ठेवायचं नाही. एकदा सरपंच पालथे झोपले होते, ते सांगताना तू कशी फुलायचीस! एरवी भावकीत तुला कुणी विचारत नव्हतं. तुझा सगळा मान त्या एका पायात होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग माझी पाळी आली. टोमॅटोचं भरलेलं कॅरेट पिकअपमध्ये चढवताना कमरेत कट्‌कन झालं आणि मी बांधावरच बसलो. कळ कमरेतून मांडीत, मांडीतून पोटरीत. तू मला उंबऱ्यावर झोपवलंस. "हलू नगंस बाळा, उसणच हाय," म्हणालीस आणि तीनदा पाय लावलास. आणि मग खाली वाकून माझ्या पाया पडलीस. मी ओरडलो, "आई, लेकाच्या पाया कुणी पडतं व्हय?" तू स्वयंपाकघरात निघून गेलीस. त्यानंतर दीड महिना रोज सकाळी तेच. आधी अंगठा बधिर झाला. मग चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि मला पत्ताच नसायचा, मागून येणारा हाक मारून सांगायचा. शेवटी मित्रानं गाडीत घालून बारामतीला नेलं.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. दोन मणक्यांच्या मधली गादी फाटून आतला गर बाहेर आला होता, पायाकडे जाणारी शीर त्यानं दाबली होती. "बहुतेकांची गादी ऑपरेशनशिवाय बरी होते," ते म्हणाले, "पण पाऊल लुळं पडायला लागलं की थांबायचं नसतं. तुम्ही थांबलात." तुझ्या लाथेला त्यांनी दोष दिला नाही, उशिराला दिला. ऑपरेशननंतर संडासापर्यंत चालत जाणं हाच पराक्रम होता. मग कालव्याच्या कडेनं शंभर पावलं, मग दोनशे. नंतर पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायची, म्हणजे उंबऱ्यावर झोपायचं तसंच, फक्त वर कुणाचा पाय नाही. कमर जरा दुखली की वाटायचं, गेलं, परत फाटली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, दुखलं म्हणजे दर वेळी काही मोडलंच असं नाही, चाला. वर्षभरानं ट्रॅक्टरवर बसलो. डावं पाऊल मात्र अजून पुरतं उचलत नाही. फरशीवर फटफट वाजतं, आणि मी आलो हे पोरीला न बघताच कळतं. तुला काय माहीत होतं बिचारीला, असं म्हणून मी इतकी वर्षं तुला एका शब्दानंही दोष दिला नाही.

गेल्या महिन्यात भिगवणला मावशीकडे गेलो होतो. तिनं माळ्यावरून एक मोठं पाकीट काढलं. "तुझ्या आयचं हाय. घरी न्हेलं न्हाय तिनं, गावात कळंल म्हणून." आत तुझ्या कमरेची फिल्म. माझ्या दुखण्याच्या दोन वर्षं आधीची. सोबत व्यायामाच्या चित्रांचा कागद, कडेला तुझ्या हळदीच्या बोटाचा डाग. चित्रात तेच, कोपरांवर उठणं. त्या साली तू दर बुधवारी मावशीला भेटायला म्हणून जायचीस आणि फडक्यात चिलापी मासे बांधून आणायचीस. मावशी म्हणाली, "आदी आमी दोघी बारामतीला डॉक्टरकडं, मग माघारी येऊन मासं." आम्ही काटे काढत जेवतोय, तू हसत वाढतेयस. आणि त्याच सुमारास एकदा मला दटावलं होतंस, "कमरंत वाकू नगंस, गुडघ्यात वाक." हे तुला कुणी शिकवलं, हे मी विचारलं नाही.

म्हणजे मला उंबऱ्यावर झोपवलंस तेव्हा गादी काय, शीर काय, तुला सगळं ठाऊक होतं. पायाळूनं पोटच्या पोराला दवाखान्यात नेलं असं गाव म्हणालं असतं, एवढ्यासाठी तू गप्प बसलीस. फसवलंस मला, आई. परक्यानं फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. माझ्या पाया का पडलीस, तेही आता कळतंय. माफी मागायची होती तर मला बारामतीच्या एसटीत बसवून मागायची होतीस.

काल काकू म्हणाल्या, सुनेचा पाय बधिर होतोय, कळंबच्या पायाळूकडं न्यायचीय. "तुझी आय असती तर कळंबला जाया लागलं नसतं." मग माझ्यानं राहवलं नाही. फिल्म आणून त्यांच्यासमोर धरली आणि सांगितलं, आई स्वतःची पाठ घेऊन बारामतीला जात होती, तुम्हीही सुनेला तिथंच न्या. आज सकाळी नेलंय त्यांनी तिला. गावात आता तुझं नाव कसं निघेल, ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

तुला लिहिलेला हा कागद तुझ्या त्याच पाकिटात घालून ठेवणार आहे. पण एक सांगायचं राहिलं. काकूंनी विचारलं, "एवढं ठावं हुतं, तर तुला का लाथा मारल्या रं तिनं?" मी म्हटलं, "तिला माझ्यानंतर कळलं, काकू." फिल्मवरच्या तारखेवर तेव्हा मी अंगठा दाबून धरला होता.