आजोबांकडचे कार्य

जोगजा,
गुरुवार, बाजारवार पाहिंग, २ मे

तीर्थरूप थोरले बंधू, कांगमास विग्न्यो यांच्या पायाशी धाकट्या बहिणीचा गुडघे टेकून सलाम. वि. वि.

येथे सर्व ठीक. तुम्ही पाठविलेली सलाकची फळे पोचली. निम्मी आंबट निघाली. तरी मेव्हण्याच्या बागेतली म्हणून तुमच्या जावईबापूंनी ती गोड मानून खाल्ली आणि दिवसभर दात धरून बसले.

आता कामाचे. डोंगराच्या माथ्यावर तापलेल्या दगडाचा घुमट रोज वाढतो आहे आणि तो आपल्या बाजूला कलला आहे. तो ढासळला, तर जळत्या राखेचा लोट आपल्या ओढ्यानेच खाली उतरेल. ओढ्याकाठचे आपले जुने देऊळ नेमके त्याच्या वाटेत आहे. देऊळ उचलता येत नाही, आतली गणेशमूर्ती येते. ती शहरातील भांडारात आणावी, असे आमच्या पुरातत्त्व कार्यालयात ठरले आहे. सोमवारी ट्रक येईल. देवळाची किल्ली वडिलांच्या मागे तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

खरे सांगायचे, तर मूर्तीइतकीच मला तुमची चिंता आहे. मूर्ती गाभाऱ्यात असेपर्यंत किल्लीवाला गाव सोडणार नाही, हे मी ओळखून आहे. वहिनी गेल्यापासून तुमचे मन वळवणारेही तेथे कोणी उरलेले नाही. तेव्हा मूर्ती ट्रकमध्ये मागे बसली की तुम्ही पुढे बसा.

एक विचारू? वरच्या रानातली माकडे खाली येऊ लागली का? ओढ्याचे पाणी हाताला कोमट लागते का? सारे सविस्तर लिहा; फार उत्सुकता आहे.

तुमचा राग आणि माया दोन्ही पूर्वीसारखी मिळत राहोत.

तुमची,
विनार्सिह

*

सुम्बरगेदे,
बुधवार पोन, ८ मे

चि. सौ. विनार्सिह हीस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने देतो. माकडे आली आहेत. त्यांनी शेजारच्या म्बोक कर्सीच्या पपया पिकण्याची वाट न पाहता खाल्ल्या. ती माकडांना शिव्या देते आणि पाहते मात्र माझ्याकडे. ओढ्याचे पाणी कोमट नाही, पण त्याला लोखंडाचा वास येतो.

ट्रक आला आणि रिकामा गेला. त्याचे कारण तुझ्या साहेबांनाच विचार. गृहस्थ राजधानीतून आलेले, बूट चकचकीत, स्वभाव भला. चहा झाला, गूळ झाला. मग सगळ्या गावादेखत ते मोठ्याने म्हणाले, की हा डोंगर याच महिन्यात फुटणार आहे, तेव्हा मूर्ती लवकर द्या.

धीक, अगं धाकटे, डोंगर ‘फुटणार’ हा शब्द आपण कधी उच्चारतो का? कपबशा उचलायला आलेल्या बायका जागच्या जागी थिजल्या. म्बोक कर्सीने त्यांना विचारले, की स्वतःच्या आजोबांच्या दारात उभे राहून तुम्ही असेच सांगता का, की म्हातारा आता फुटणार, भांडी आवरा? साहेब गोरेमोरे झाले. मग मूर्ती द्यायची नाही, असे एकमुखाने ठरले. मी किल्ली सापडत नसल्याचे सांगितले. ती कमरेलाच होती आणि सांगताना वाजलीही. पण ते भले गृहस्थ असल्यामुळे त्यांनी ऐकले नाही.

आजोबांकडे कार्य आहे, एवढेच आपण डोंगराविषयी म्हणतो आणि तेवढेच खरे. ज्याच्या जमिनीवर जन्म काढला, त्या वडीलधाऱ्याच्या घरी कार्य निघाले असता शेजाऱ्याने गाठोडे बांधून पळावे, हे कोणत्या रीतीत बसते? शिवाय आता सुरो महिना लागेल. सुरोत कोणी कार्य काढत नाही. आजोबा तर रीतीचे पक्के. त्यामुळे महिनाभर तरी निश्चिंती आहे, असा माझा हिशेब.

तुमच्या त्या भांडारात मूर्तींना कोणी फूल वाहते का, की नुसती धूळच झटकतात? कळव. मलाही उत्सुकता असू शकते.

लेकरांना पापे. भावाला विसरू नये, एवढीच इच्छा.

तुझा,
विग्न्यो

*

जोगजा,
मंगळवार वागे, १४ मे

तीर्थरूप कांगमास, पायाशी सलाम. वि. वि.

साहेबांच्या वतीने मी गावाची क्षमा मागते. त्यांच्या गावाला डोंगरच नाही. त्यांना कोण शिकवणार? कचेरीतल्या शिपायाने त्यांना योग्य शब्द सांगितला, तेव्हा त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. भांडारात फुले वाहत नाहीत. पण झाडणारी बाई सोंडवाल्यांसमोरून जाताना कमरेत वाकते, हे मी चोरून पाहिले आहे.

आता तुमच्या हिशेबाविषयी. सुरो महिना माणसांनी आणला. आजोबा त्याच्याही आधीचे. ते आपले पंचांग पाहत बसतील, असे मला वाटत नाही.

कार्य सोडून पळू नये, हे तुमचे म्हणणे मात्र मला मान्य आहे. पण कांगमास, कंदुरीला आपण किती वेळ बसतो? दुवा संपली, बरकतीची करंडी हातात आली, की पाहुणा उठतो. बरकत घरी नेऊन घरच्यांसोबत खायची असते. त्यानंतरही चटईवर बसून राहणाऱ्याला गावात काय म्हणतात, ते लिहीत नाही. धाकटे काका एकदा असेच बसून राहिले होते, तेव्हा बाबांनी त्यांच्या वहाणा उचलून रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या होत्या. हसू दाबता दाबता तुम्ही माझा दंड चिमटून काळानिळा केला होता.

आजोबांच्या ओसरीवर तुम्ही जन्मभर बसलात. आता त्यांची दुवा सुरू झाली आहे. काल येथूनही माथ्यावरची लाली दिसली. आपले सोंडवाले हीच त्यांनी दिलेली बरकत आहे, असे समजा. ती उचला आणि घरी न्या. याला पळणे म्हणत नाहीत, रीत म्हणतात.

हे पत्र म्बोक कर्सीला वाचून दाखवा.

तुम्ही आहात म्हणून मला माहेर आहे. ते राहू द्या.

तुमची,
विनार्सिह

*

खालच्या गावची शाळा,
रविवार लेगी, २६ मे

चि. सौ. विनार्सिह हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सुखरूप आहे, हे आधी.

तुझे पत्र मशिदीच्या ओट्यावर वाचले. काकांच्या वहाणांपाशी म्बोक कर्सी पहिल्यांदा हसली, आणि हसणे संपायच्या आत गाठोडे बांधायला गेली. चटईला चिकटलेली पाहुणी म्हणून मला मरायचे नाही, असे तिने जाता जाता सुनावले. मग वाद उरला नाही. अठरा तारखेच्या शनिवारी तिच्याच लग्नातल्या बाटिकमध्ये मूर्ती गुंडाळली, बांबूंना बांधली आणि आम्ही खांद्यावरून खाली आणली. ट्रक लागला नाही.

गुरुवारी लोट आला. सुरोतच. तुझे म्हणणे बरोबर निघाले, हे मी लेखी देतो. समोरच्या टेकडीवरून पाहिले, तर माझे घर, गोठा, सलाकची बाग या सर्वांच्या जागी करडे सपाट मैदान आहे. देऊळ खाली शाबूत आहे की नाही, ते सांगता येत नाही. वर जाऊ देत नाहीत. गाई मात्र आमच्याबरोबर उतरल्या होत्या.

तुझे साहेब काल मूर्ती भांडारात न्यायला आले. कार्य नीट पार पडले ना, असे त्यांनी आधी अदबीने विचारले. बायका खूश झाल्या. मग मी तुझे पत्र पुढे केले. बरकत घरी नेतात, सरकारी भांडारात जमा करीत नाहीत, असे आपल्याच कचेरीचे म्हणणे आहे, हे त्यांच्या नजरेस आणले. त्यांनी पत्र वाचले, टोपी काढून डोके खाजवले आणि पहाऱ्याला एक माणूस ठेवून गेले. आम्ही निजतो, त्याच वर्गात सोंडवाले फळ्याखाली बसले आहेत. तुला बोलणी बसली, तर माझ्यावर ढकल.

आता तुझ्या उपयोगाची गोष्ट. मूर्तीचे आसन उचलले, तेव्हा त्याखाली फरशी नव्हती. मूठभर जाडीचा करड्या राखेचा घट्ट थर होता, आणि फरशी त्याच्या खाली. म्हणजे राख आधी, आसन नंतर. पूर्वी कोणीतरी सोंडवाल्यांना असेच उचलून नेले, कार्य आटोपल्यावर परत आणले आणि राख न खरवडता तिच्यावरच बसवले. मी सगळ्यांना हाक मारली. म्बोक कर्सीसुद्धा गाठोडे खाली ठेवून वाकून पाहत होती.

त्या राखेची चिमूट या पाकिटात घडी करून ठेवली आहे. ते लोक किती वर्षांनी परतले, एवढे तिच्यातून कळते का ते पाहा. येथे सगळेजण मला तेच विचारत आहेत.

उत्तर लवकर यावे. माया आहेच, ती वेगळी मागत नाही.

तुझा,
विग्न्यो