राखेनं घासलेली सीडी

सर, तुमची आई एक ना एक दिवस मला विचारणार, ही धास्ती इतकी वर्षं पोटात घेऊन फिरले. यंदाच्या दसऱ्याला तिनं विचारलंच. तुम्हालाच सांगायला हवं, म्हणून लिहायला बसलेय.

निमगाव केतकीतल्या तुमच्या घराची पुढची खोली म्हणजे तुमचा क्लास. नव्वदचं दशक सरत आलेलं. एकच कॉम्प्युटर, त्याचीही हार्डडिस्क मेलेली. तुम्ही आधी फ्लॉपी घालता, मग पुण्याच्या मित्रानं दिलेली ती सीडी, आणि मशीन घरघरत उठतं. मशीन चालवणारं अख्खं लिनक्स त्या एका चकतीवरून चालतं. "ह्याच्या पोटात काहीच नाही, तरी कसं चालतं हो सर?" मी विचारलं. तुम्ही हसलात. "आमचा मेंढरांचा वाडा असाच की. रात्री दुसऱ्याच्या रानात बसायचं, सकाळी सगळं उचलून घोड्यावर लादायचं." सीडी होती म्हणून क्लास होता, आणि क्लासवरच तुमचं घर चालत होतं.

खंडेनवमीला तुम्हीच ती देव्हाऱ्यापुढं ठेवलीत, खुरप्या-कोयत्याशेजारी. तुमच्या आईनं, म्हणजे आमच्या आजीनं, हळदकुंकू वाहिलं. तिथवर ठीक होतं. दसऱ्याला सकाळी मी आले, तर आजी पूजेची भांडी घासून बसलेली, आणि भांड्यांबरोबर सीडीही! राख नि नारळाची शेंडी घेऊन खसाखसा घासलेली. "बघ की गं, कशी लखलख केलीय!" मी वाकून पाहिलं. नुसते ओरखडे. तुम्ही ती हातात घेतलीत, उलटीसुलटी पाहिलीत आणि म्हणालात, "झ्याक झाली, आई." मशीनमध्ये घातली तर नुसतीच फिरत राहिली. माझं तोंड उघडणार हे ओळखून तुम्ही मला अंगणात नेलंत. "आईला ह्यातलं एक अक्षर सांगायचं न्हाय. मित्राकडं दुसरी हाय, आत्ता जाऊन आणतो."

पुण्याच्या वाटेत तुम्ही बसलेल्या जीपला, माणसं कोंबून नेणाऱ्या वडापला, ट्रकनं चिरडलं. तुम्हाला घरी आणलं तेव्हा आजी ऊर बडवत सगळ्यांना विचारत होती, "सणासुदीचा कशाला गेला गं त्यो?" कुणालाच ठाऊक नव्हतं. मला होतं. "काम होतं, आजी," मी म्हणाले, आणि पुढंही तेच म्हणत राहिले. राग येतो सर मला तुमचा, फार राग येतो. स्वतः सुटलात आणि हे माझ्या पदरात टाकून गेलात.

तेव्हापासून दर खंडेनवमीला आजी ती सीडी पुजते, दसऱ्याला घासते. मी मदतीला जाते. यंदा तिनं भांडी माझ्याकडं सरकवली आणि सीडी तेवढी मांडीवर ठेवून घेतली.

"ही नगं घासायला." मग चकतीवरून बोट फिरवत, "मी घासली म्हणून गेलता न्हवं त्यो?"

"न्हाय गं आजी! काहीतरीच काय तुझं!"

तिनं माझ्याकडं टक लावून पाहिलं. "त्यो बी असाच झ्याक म्हणला व्हता," म्हणाली, आणि राखेचे हात धुवायला उठली.

हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवणार होते. पण तो फोटो रोज तीच पुसते, आणि कागद सापडला तर कुणाकडून तरी वाचून घेईल. माझ्याच पेटीत राहू दे. तुमचा शब्द मी मोडला नाही, सर. फक्त एवढंच, तिला सगळं ठाऊक आहे हे कळलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं. रडू मागून आलं.