फ्लोरिन लहान असूनही

चिरंजीव बटण हिस,

सदर चिठ्ठीत अणूचा आकार व त्याची विद्युतऋणता (म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) यांविषयी माझी चूक कबूल करून योग्य ते निवेदन करण्यात येत आहे.

"जो अणू मोठा तो जोराने ओढतो," असे मी छातीठोकपणे सांगितले. तू तेच चाचणीत लिहिलेस आणि नापास झालीस. "बाबा, तुम्ही आपले कपडेच शिवा," हे तुझे बोलणे रास्त आहे. "सातवी पास माणूस बारावीची शिकवणी घेतोय!" हे तुझ्या आईचे बोलणेही रास्त आहे.

काल दुकानात तुझे पुस्तक तीनदा वाचले. मग टाचण्या उचलायचे चुंबक घेतले. उघड्या चुंबकाला टाचण्यांचा घोस लागला. त्यावर कोटाच्या कापडाचे सहा पदर गुंडाळले, तर एकच टाचणी कशीबशी चिकटली. अणूचेही काहीसे तसेच समजावे. फ्लोरिन लहान, त्याचे केंद्रक बंधातल्या इलेक्ट्रॉनांच्या जवळ, म्हणून त्यांना जोराने ओढते. आयोडीन मोठे, मध्ये कवचांचे पदर फार, म्हणून ओढ कमी.

आज दुपारी तुझी फेरचाचणी आहे. चुंबक व कापड टेबलावर ठेवले आहे. माझ्यावर विश्वास न ठेवता स्वतः करून पाहावे. मी आज टाचण्या हातानेच वेचीन.

दोन दिवस तू बोलली नाहीस. उत्तर बरोबर आले, तर येताना दुकानावरून ये. चुकले, तरी ये.

येथवर वाचणाऱ्या एकुलत्या वाचकाचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
टेलर बाबा