अम्मीसाठी पाठवलेल्या बाटल्या

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
सगळेच डॉक्टर झालेत! अम्मीच्या किमोचं कळल्यापासून इथे कतारमध्ये रूममधला प्रत्येकजण गोळ्या सुचवतो. इरशाद म्हणतो, झिंक दे, तोंडाला चव येते. सुपरवायझर म्हणतो, सेलेनियम. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून फक्त मॅग्नेशियम सांगितलंय. किमोने ते कमी झालंय, म्हणून पायात गोळे येतात. बाकी काही विचारल्याशिवाय नको! मी स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. इरशाद हसला. "परीक्षेला बसलायस काय?"
नववीत शाळा सुटली म्हणून काय झालं? चुकीची गोळी पोटात गेली तर?

रविवार, ६ ऑक्टोबर
इथल्या एशियन टाउन बाजारातून मॅग्नेशियमच्या तीन बाटल्या घेतल्या. डॉक्टरांना फोटो पाठवला. "चालेल." तिकडेही मिळतात, पण कतारची म्हटलं की अम्मी खाईल. फजलचाचा गावी चाललेत. त्यांची बॅग आधीच चॉकलेटं आणि बामने फुगलेली. "अरे, एकच दे!" तिन्ही कोंबल्या.

१२ ऑक्टोबर
पोचल्या.

२३ ऑक्टोबर
रोज फोनवर विचारतो. रोज तेच — "खाल्ली रे बाबा, किती इचारशील!" मग पाय धरून रडते कशी? बहीण उजमा सांगते, रात्रभर दाबत बसावं लागतं. नव्या रिपोर्टमध्ये मॅग्नेशियम आणखी खाली. डॉक्टर उलट मलाच विचारतात, गोळी देताय ना?
डोकं फुटायची वेळ आली.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर
खलास! फजलचाचांनी घरून व्हिडिओ कॉल केला. मागे फडताळावर आमची बाटली! चाची खुशीत — "तुझ्या अम्मीनं दिली. कतारची आहे ना!" दुसरी अमिनाखालाकडे, तिसरी मशिदीच्या पेशइमामांच्या घरी. गल्फचं सामान आलं की वाटायचंच, साबण असो, खजूर असो. पण औषध?
सगळ्यांना सांगितलं, खाऊ नका. मग अम्मीवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, "लोकांनी माझं लय केलंय, सोहेल. काहीतरी द्यायला हवं ना?"

२६ ऑक्टोबर
गोळ्या गावातल्या मेडिकलमधून घे, हे सांगायला उजमाला फोन केला. ती रडायला लागली. फक्त बाटल्या नाहीत, भाई. अत्तरं, टॉर्च, तू पाठवलेलं सगळं गेलं. तुझ्या लग्नासाठी ठेवलेलं ब्लँकेटसुद्धा, कव्हरसकट. अम्मी पुढच्या किमोला जाणार नाही म्हणते.

२७ ऑक्टोबर
विमानतळ. काउंटरवरच्याने विचारलं, सामान? नाही. गावी जाताना पहिल्यांदाच वाटायला काही नेत नाहीये.