भिंत सोड

१७ एप्रिल, सकाळ
ही वही अमरेश सरांनी पुनमला दिली. रोज किती पोहली, किती टाईम लागला, काय खाल्लं, सगळं लिहायचं म्हणे. आठ दिवस दप्तरात कोरी पडली होती. म्हणून आजपासून मीच लिहिणार. माझं शिक्षण चौथी. पण कोचिंगला शिक्षण लागत नाही, लक्ष लागतं. सरांचं लक्ष बारा पोरांत वाटलेलं. माझं सगळं एकाच पोरीवर.
उद्यापासून दोघींनी पहाटे साडेचारला उठायचं. आणि मी ओरडायचं नाही. सर म्हणले, ताई, तुमच्या आवाजानं बाकीची पोरं दचकतात. दचकू द्या. पण ठरवलंय तर ठरवलंय.

१८ एप्रिल
साडेसहाला उठले. घड्याळाचा दोष. पुनम सायकलवर एकटीच तरणतलावावर जाऊन पोहून परत आली होती. मला का उठवलं नाहीस म्हणलं. तर म्हणे, आई, आज पहिल्यांदा मला सरांचा आवाज ऐकू आला.

२१ एप्रिल
मुद्द्याचं लिहून ठेवते. पुनमची दहावी झाली. तिच्या वडलांनी ठरवलंय, अकरावीला लातूर. हॉस्टेल आणि नीटचा क्लास. तिथं पाण्याशी संबंध बादलीपुरता. मी म्हणलं पोहण्याचं काय. हे म्हणले, पाच वर्षं पोहली, लई झालं. मग माझं तोंड सुटलं. शेजारची बाई भांडं परत करायला आली होती, ती भांडं घेऊन तशीच माघारी गेली.
शेवटी असं ठरलं. १५ जूनला लातूरला राज्याची निवड चाचणी आहे, शंभर मीटर फ्रीस्टाईल. विभागातून दोघी निवडणार. पुनम पहिल्या दोनात आली तर नांदेडलाच राहील, इथंच अकरावी, इथंच पोहणं. नाही आली तर दुसऱ्या दिवशी बॅग भरायची. यांनी मान्य केलं. मी मान्य केलं. पुनम म्हणाली, मला पण विचारा. तिला काय विचारायचं, तिच्यासाठीच तर चाललंय.
दोनातली एक जागा डॉक्टरीणबाईंच्या देविकाची, असं सगळे धरून चालतात. तिला पोहायचे तीन चष्मे आहेत. पुनमला एक, त्याचं पण रबर मी शिवलेलं.

२३ एप्रिल
कोचिंग म्हणजे खाणं. पोहायच्या आधी दोन शेंगदाण्याचे लाडू आणि वाटीभर उडदाचं घुटं दिलं. ताकद आली पाहिजे. ताकद पाण्यात बाहेर आली. सगळ्यांना वर काढून तासभर जाळी फिरवत होते. सर म्हणले, ताई, पोहायच्या आधी केळं पुरतं. केळ्यानं काय होतंय.

२९ एप्रिल
एक मिनिट एकवीस सेकंद. आजवरचा सगळ्यात भारी टाईम. सरांनी स्वतः लाल पेनानं वहीत लिहिला. मी बाकीचं पान हातानं झाकून धरलं होतं.

१:२१
(खाली सरांची सही)

आणि आजच गेटवर कागद लागला. पाणीटंचाई, पाऊस पडेपर्यंत तलाव बंद. पोरं रडकुंडीला आली. सर म्हणले, घाबरू नका, पळणं, दोरीवरच्या उड्या, रबर ओढायचा, जमिनीवरचा व्यायाम मी सांगतो. जमिनीवर काय पोहणार. मी हाव म्हणलं. हाव म्हणायला काय लागतंय. पण फक्त विहिरीत जाऊ नका, असं दोनदा म्हणले. विहीर त्यांच्या नजरेसमोर कशी आली काय माहीत, मी तर अजून बोलले पण नव्हते.

२ मे, मुदखेडजवळ आमच्या शेतात
पान उलटलं. नवी जागा, नवं ट्रेनिंग.
धाकटा दीर बजरंग शेत बघतो. विहीर त्याच्या ताब्यात. गोल, दगडी, अर्ध्यापर्यंत पायऱ्या, पाणी हिरवं पण भरपूर. बजरंगनं ठिबकची नळी फिरवून मोजलं. चार चकरा म्हणजे शंभर मीटर. यापेक्षा काय पाहिजे.
विहिरीचा नियम मला लहानपणापासून पाठ आहे. भिंतीला हात लावला तो बाद. माझे तिघं भाऊ पोहायचे, मी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायची आणि कुणी हात लावला ते बघायची. माझी नजर कधी चुकली नाही. भाऊ पण मानायचे. तोच नियम इथं लावला. दमली की भिंतीला धरायची सवय लागते, ती मोडायची. भिंतीजवळ गेली की मी वरून ओरडणार, भिंत सोड.
पुनम म्हणते, रेसमध्ये टर्नला भिंतीला टच करावंच लागतं. बहाणे. दम खायची तेवढीच सोय.

८ मे
चार चकरा, एक मिनिट सतरा. तलावात पाच वर्षांत जे झालं नाही ते विहिरीत आठवड्यात. आज फक्त अकरा वेळा ओरडावं लागलं.

१४ मे
दहावीचा निकाल. सत्त्याऐंशी टक्के. सगळे खूश, मीच सावध. कारण यांनी लगेच लातूरच्या क्लासचा फॉर्म मोबाईलवर काढून दाखवला. मी त्यांना वहीतला आजचा टाईम दाखवला. एक बारा. बघतच राहिले. म्हणले, हे विहिरीतलं का. मी म्हणलं, पाणी ते पाणी.
पुनमला विचारलं, तुला काय वाटतं. म्हणाली मला चक्कर येते. म्हणलं शंभर मीटरला का. म्हणे, नाही, गोल फिरून.

२२ मे
पाणी पुरुषभर खाली गेलं. बजरंग मोटर चालवून राहिलाय, केळी जगवायची म्हणतो. मी म्हणलं भाऊजी, तीन आठवडे मोटर बंद ठेवा, पोरीचा प्रश्न आहे. म्हणाला, वहिनी, केळीला निवड चाचणी नसती, तिला रोज पाणी लागतं.
तरी टाईम सुधारतोच आहे. एक मिनिट पाच. पुनम म्हणते, विहीर खाली अरुंद होत गेली आहे, चक्कर लहान झाली. दर वेळी काहीतरी काढतेच. टाईम वाढला तरी तोंड वाकडं, कमी झाला तरी वाकडं.
पाणी खाली गेल्यामुळे मला वाकून ओरडावं लागतं. आवाज घुमतो, चांगला मोठा लागतो. पलीकडच्या शेतातला वीरण्णा धावत आला, कुणी पडलं का म्हणून. त्याला म्हणलं ट्रेनिंग चालू हाय. बराच वेळ विहिरीत बघत उभा राहिला, मग टोपी काढून डोकं खाजवत गेला.

२६ मे
आता ओरडायचं कमी करायचं. घसा बसला. शिट्टी घेणार.

२७ मे
शिट्टीनं भिंत सोड म्हणता येत नाही. परत ओरडणं चालू. हळदीचं दूध घेतलं.

३ जून
सरांचा फोन. लातूरच्या एका शाळेचा तलाव दहा दिवस मिळाला आहे, आठ पोरं घेऊन चाललो, पुनमला आजच पाठवा, तिचे टर्न बिघडले असतील. मी म्हणलं सर, तिचा टाईम आता अठ्ठावन्न सेकंद आहे. सरांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणले, ताई, शांतपणे ऐका. तुम्ही तिला कुठं पोहायला लावताय. मी म्हणलं, जिथं टाईम कमी होतो तिथं. आणि तिकडं नेऊन तुम्ही परत एक एकवीस करणार. नाही पाठवत म्हणलं.
बजरंग म्हणतो अठ्ठावन्न हा टीव्हीवरच्या पोरींचा टाईम आहे. त्याला तेवढं कळतं. सरांना कळत नाही.
पुनम बॅग भरून ओसरीवर बसली होती. सरांनी तिला आधीच सांगितलं होतं वाटतं. म्हणलं, बॅग आत ठेव. संध्याकाळी जेवली नाही. आंब्याचा रस केला होता.

९ जून
पाणी छातीइतकं. पुनमचे पाय खाली टेकतात. म्हणलं वर उचल. गाळ आला, डोळे लाल झाले. ती पाण्यात उभी राहिली, वर बघत. म्हणाली, आई, तू एकदा उतर. मी म्हणलं मला कामं हायेत. म्हणाली, पायरीवर तरी ये. म्हणलं वरून नीट दिसतं.
वरून खरंच नीट दिसतं. लहानपणापासून वरूनच बघत आले. उतरायचं कधी काम पडलं नाही. पोरींना उतरू देत नव्हते, तो भाग वेगळा.
टाईम घेतला नाही. मोबाईलची बॅटरी संपली.

१४ जून, लातूर
बहिणीकडे मुक्काम. इथं नळ आठ दिवसांनी येतो. बहीण म्हणाली, पाहुणे आलात ते बरं झालं, पण आंघोळ जरा बेतानं. उद्याचा तलाव काठोकाठ भरलेला आहे म्हणे.
पुनमला शेवटचं सांगितलं. कुणाकडं बघू नको, सरांकडं पण नाही. फक्त माझा आवाज ऐक. ती बरं म्हणाली. आजकाल लगेच बरं म्हणते. सुधारली.

१५ जून, दुपारी
पंच पुण्याचा होता. आधी हे लिहून ठेवते.
आता क्रमानं. तलाव पंचवीस मीटरचा, चार फेऱ्या. पुनम तीन नंबरच्या रांगेत, शेजारी देविका. पहिल्या दोन टर्नला पुनम देविकाच्या बरोबरीनं होती. भिंतीला हात लावत होती, मला दिसलं. माझा आवाज गर्दीत पोचत नव्हता. म्हणून मी खुर्चीवर चढले. तिसऱ्या टर्नला भिंत आली तेव्हा जीव खाऊन ओरडले, भिंत सोड. अख्खी गॅलरी माझ्याकडं वळली. आणि आवाज पोचला. मी डोळ्यांनी बघितलं, पुनमनं पुढं टाकलेला हात आखडला, विहिरीत वळते तशी अलगद गोल वळली आणि सुटली. देविका अजून भिंतीपाशीच. शेवटच्या फेरीत पुनम एकटीच पुढं. पहिली आली. शेजारी एक बाई होती, ओळख ना पाळख, तिला मिठी मारली.
यांना फोन लावला. लातूर रद्द म्हणलं.
मग फळ्यावर नावं लागली. पुनमच्या नावापुढं टाईम नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं. मला वाटलं रेकॉर्ड केला की तसं लिहीत असतील. देविकाच्या आईला, चंद्रप्रभाबाईंना, विचारलं. त्या माझा हात धरून हळू म्हणाल्या, बाद केलंय हो, टर्नला भिंत टच झाली नाही.
मी पंचाकडं गेले. म्हणलं, भिंतीला हात लावतो तो बाद. न लावणारा कसा काय बाद. तो म्हणाला, बाई, तुम्ही कोणत्या खेळाबद्दल बोलताय. पंधरा मिनिटं मी त्याला सोडला नाही. शेवटी अमरेश सरांनी मला बाजूला घेतलं. पुनमच्या अंगावर टॉवेल टाकला आणि तिच्याजवळ उकिडवे बसून राहिले.

१५ जून, संध्याकाळी, नांदेड
येताना बसमध्ये पुनम खिडकीशी. चाकूरला गाडी थांबली. चहा घे म्हणलं, नको. भजी, नको. पंच पुण्याचा होता म्हणलं. तर म्हणाली, आई, मला तुझा आवाज आला होता. मी म्हणलं, येणारच. सहा आठवडे उगाच ओरडले का.
पुढं नांदेडपर्यंत खिडकीला डोकं टेकून होती. झोपली असेल. डोळे उघडे होते.

१६ जून
तिनं स्वतःच बॅग भरली. पोहायचा पोशाख आणि चष्मा कपाटात खालच्या खणात ठेवून दिला. म्हणलं असू दे बॅगेत, लातूरला तलाव आहे, रविवारी जात जा. म्हणाली, रविवारी टेस्ट असते. हे तिला सोडायला गेले. मला गाडीत जागा नव्हती. होती, पण गाद्या होत्या.
पंचासारखं सरांना पण असंच सुटू द्यायचं नाही असं ठरवलं. टर्नचा नियम आईला आधी सांगायचा असतो. आपण काय घरात बसून नियम वाचतो का.

२३ जून
पाऊस चांगला झाला. तलाव सुरू झाला असं ऐकलं. मी कशाला जाऊ.

२४ जून
जाऊन आले. भाजीच्या रस्त्यावरच पडतो. सर नवीन पोरांना शिकवत होते. एक बारकी पोरगी भिंतीला धरून पाय मारत होती. सरांनी नमस्कार केला. मी पण केला. ओरडले नाही. कुणासाठी ओरडणार.

२९ जून, रविवार
हॉस्टेलमधून रविवारी पाच मिनिटं फोन देतात. पुनमचा आला. जेवण बरं आहे, अभ्यास बरा आहे, सगळं बरं आहे. मी म्हणलं, तुझ्या सरांची चूक. भिंतीला हात लावायचा असतो हे आपल्याला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर आज तू इथं असतीस. ती म्हणाली, मी सांगितलं होतं. म्हणलं कधी. म्हणाली विहिरीवर, पहिल्याच दिवशी. म्हणलं साफ खोटं, माझ्याकडं सगळं वहीत लिहून हाय. म्हणाली, मग बघ ना. मागून दुसरी पोरगी म्हणत होती, माझा नंबर, माझा नंबर. फोन ठेवला.
वही काढली. २ मे. माझंच अक्षर. पुनम म्हणते, रेसमध्ये टर्नला भिंतीला टच करावंच लागतं. त्याच्यापुढं एक शब्द, तो पण माझाच. बहाणे.
यांनी आतून विचारलं, काय म्हणाली पोरगी. म्हणलं, बरी आहे.
पान फाडायला घेतलं. कुणाला दाखवायचं आहे ते. पण उलट्या बाजूनं लाल अक्षर दिसलं. १:२१, आणि खाली सरांची सही. साध्या सरळ पाण्यात पोहलेला. या वहीत तेवढाच एक टाईम खरा आहे.
दोन बोटं फाटलं होतं. चिकटपट्टी लावली.