माझ्या वाट्याची क्षमा

मी, गुणमाला रामगोंडा पाटील, वय शहात्तर, राहणार सांगली, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टर आपटे यांनी दिला आहे. माझा मुलगा आर्जव याने तो आधी वाचावा.

१. राहते घर आर्जवला. देवघरातली मूर्ती जागची हलवू नये.

२. पाणी गाळायचे माझे फडके नात ब्राह्मीला. नळाला यंत्र बसवले आहे, हे मला माहीत आहे. पण पाण्यातला डोळ्यांना न दिसणारा जीवही जपायचा असतो, हे तिला कुणीतरी सांगायला हवे.

३. नणंदेने नेलेले चांदीचे ताट परत मागू नये. इतकी वर्षे तिनेच घासले, आता तिचेच झाले.

४. कुपवाडच्या कारखान्यातला माझा निम्मा हिस्सा आर्जवला देत नाही. यजमानांच्या वेळी तिथे पाण्याच्या पंपांचे भाग होत. आता उडत्या शस्त्राचे होतात. ते एकदा सोडले की शत्रू कोण हे स्वतःच ओळखते आणि स्वतःच मारते. मध्ये कुणाला विचारत नाही. ठरवून केलेली हिंसा सर्वांत वाईट, हे आर्जव जैन पाठशाळेत शिकला. बोटाला धरून मीच नेत असे. तेच त्याने मला ऐकवले. "आई, ह्यात कोण ठरवतंयच न्हाई. मग दोष कुणाला लागणार?" त्याला हे मनापासून पटले आहे, याचे मला फार वाईट वाटते.

हा हिस्सा मलकापूरला दिलेली मुलगी सुंदरी हिला. असल्या कामाच्या करारावर सही करायची की नाही, ते तिने ठरवावे. ठरवणारे माणूस असावे, एवढाच माझा हट्ट.

५. माझ्या पाटल्या साळूबाईला. ती माण तालुक्यातली, आमच्याकडे स्वयंपाकाला आहे. तिला हे सगळे सांगितले, तेव्हा भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं काकू, माझा शंभूराज सरहद्दीवर हुबा हाय. त्येच्या जागी यंत्र गेलं, तर वाईट काय त्यात?" शंभूराज सुखरूप यावा, असे मी रोज मागते. पलीकडच्या पोराची आईही मागत असेल.

६. पर्युषण पर्व संपल्यावर क्षमावणीला आम्ही घरोघर जाऊन वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतो. यंदा आर्जव माझ्या पाया पडून "उत्तम क्षमा, आई" म्हणाला. मी विचारले, "तुझं यंत्र ज्यांना मारील, त्यांच्या दारात कोण जाणार?" मी क्षमा केली असे म्हटले नाही, जन्मात पहिल्यांदा. पोर तसाच उठून गेला. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

ती क्षमा या मृत्युपत्राने त्याला देते. मात्र फक्त माझ्या वाट्याची. इतरांच्या वाट्यावर माझा हक्क पोहोचत नाही. ती आर्जवने स्वतः जाऊन मागावी.

हे माझ्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही: गुणमाला रामगोंडा पाटील
साक्षीदार: १. डॉ. मुकुल आपटे, २. अतिशय चौगुले
सांगली, १४ ऑक्टोबर २०२५